गल्ल्याशेजारचा पडदा

खोपोली, खालापूर, कर्जत, नेरळ या पट्ट्यातील पेढ्यांवर संगणक प्रथम आला, तेव्हा त्याचा पडदा हीच दुकानातील एक शोभेची वस्तू होती. पाठीमागे फुगलेला, दोन माणसांनी उचलावा असा तो मॉनिटर गल्ल्याशेजारी बसला की निम्मे टेबल अडे. दुपारी गिऱ्हाईक नसे, मुनीम जमाखर्चातून डोके वर काढी, आणि पाच-दहा मिनिटांनी काळ्या पडद्यावर तारे धावू लागत, रंगीत नळ्या एकमेकींत गुंतत जात किंवा पेढीचे नाव उजवीकडून डावीकडे संथपणे सरकत राही. घरातील मुले शाळेतून येताना केवळ ते पाहण्यासाठी दुकानात डोकावत. या करमणुकीला स्क्रीनसेव्हर म्हणत. परंतु तो पडदा नेमका कशापासून ‘वाचवतो’, हा प्रश्न कोणी विचारल्याचे फारसे आढळत नाही.

तो प्रश्न आता वेगळ्याच कारणाने पुढे आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य संपले. सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेले, अजून उत्तम चालणारे अनेक संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यांचा प्रोसेसर जुना ठरतो किंवा त्यांत आवश्यक ती सुरक्षा-चिप नसते. चालते यंत्र भंगारात घालणे व्यापाऱ्याच्या स्वभावात नाही. म्हणून घरातील शिकलेला मुलगा किंवा भाचा त्या संगणकावर लिनक्स मिंट वा उबंटू घालून देतो. टॅली ही विंडोजवर चालणारी आज्ञावली असल्याने मुख्य हिशेबाचे यंत्र बहुधा तसेच राहते. परंतु ई-वे बिल, जीएसटीचे संकेतस्थळ, बँकेचे व्यवहार हे सारे ब्राउझरमध्ये होते. मुंबईतील फ्रापे या कंपनीने घडवलेली ईआरपीनेक्स्टसारखी मुक्त व्यापारी प्रणालीही ब्राउझरमध्येच उघडते. तेव्हा गोदामातील, काउंटरवरील वा मागच्या खोलीतील दुसरे यंत्र लिनक्सवर सुखाने चालू शकते.

मग पहिल्याच आठवड्यात वडीलधाऱ्यांची तक्रार येते, की पडदा नुसताच काळा होतो. ते तारे कुठे गेले? मुलगा सेटिंग उघडतो, सगळीकडे शोधतो आणि त्याच्या ध्यानात येते, की उबंटूमध्ये स्क्रीनसेव्हर निवडण्याची जागाच नाही. ती चुकून राहून गेलेली नाही. जाणीवपूर्वक काढून टाकलेली आहे.

स्क्रीनसेव्हरची मूळ गरज काचेच्या नळीतून आली. जुन्या मॉनिटरच्या काचेला आतून फॉस्फरचा लेप असे. त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा झाला की तो प्रकाशे. एकाच जागी एकच अक्षर महिनोन्महिने प्रकाशत राहिले तर तेथील लेप इतर जागेपेक्षा अधिक झिजे आणि यंत्र बंद केल्यावरही त्या अक्षराची पुसट सावली काचेवर उरे. दिवसभर एकच तक्ता उघडा ठेवणाऱ्या कचेऱ्यांत असे ‘जळलेले’ पडदे सर्रास दिसत. १९७९ साली बाजारात आलेल्या अटारीच्या घरगुती संगणकांत यावर एक युक्ती होती : काही मिनिटे कोणी कळ दाबली नाही तर पडद्यावरचे रंग आपोआप बदलत राहत. डिसेंबर १९८३ मध्ये जॉन सोचा या अमेरिकन प्रोग्रामरने ‘सॉफ्टटॉक’ मासिकात एक छोटी आज्ञावली छापली. तीन मिनिटे संगणक निष्क्रिय राहिला की ती पडदा काळा करी. तारे नाहीत, नळ्या नाहीत. आजचा लिनक्स जे करतो ते नेमके हेच, ही यातील गंमत.

शोभा नंतर आली. १९८९ च्या ‘आफ्टर डार्क’ या आज्ञावलीतील पंख फुटलेले, उडणारे टोस्टर जगभर प्रसिद्ध झाले आणि काळ्या पडद्याऐवजी हलते चित्र दाखवणे हा एक स्वतंत्र धंदाच झाला. युनिक्स आणि पुढे लिनक्सच्या जगात हे काम जेमी झविन्स्की या प्रोग्रामरने १९९२ साली सुरू केलेल्या ‘एक्सस्क्रीनसेव्हर’ने केले. त्यात आज दोनशेहून अधिक दृश्ये आहेत. एखादे गणिती समीकरण उलगडत जाते, एखादे जुन्या यंत्राच्या बिघाडाची नक्कल करते, एखाद्यात मुंग्या एका वळणदार पट्टीवरून अखंड चालत राहतात. कित्येक वर्षे लिनक्सची बहुतेक वितरणे हाच संच सोबत देत असत.

पुढे काचेची नळी गेली आणि सपाट एलसीडी पडदा आला. त्यात झिजणारा फॉस्फरचा लेप नाही. मागे एक दिवा आणि त्यापुढे प्रकाश अडवणारे किंवा सोडणारे बारीक ठिपके, एवढीच त्याची रचना. एकच चित्र फार काळ राहिले तर त्यावरही अंधूक छाया दिसते, पण ती बहुधा थोड्या वेळाने विरून जाते. म्हणजे ज्या रोगावर औषध होते तो रोगच गेला. उलट औषधाचा खर्च मात्र राहिला. एलसीडी पडद्यावर तारे धावत असताना मागचा दिवा पूर्ण पेटलेलाच असतो, आणि त्रिमितीय नळ्या रंगवण्यासाठी संगणकाचे ग्राफिक्स यंत्रही राबत असते. वीस वॅटचा एक मॉनिटर रोज पाच तास कोणी न पाहता पेटता राहिला, तर तीनशे दिवसांत तीस युनिट वीज जाते. दहा रुपये दर धरला तर तीनशे रुपये. एका पडद्याचे हे तीनशे रुपये कोणा पेढीला जड नाहीत. पण पाच पडद्यांचे दीड हजार रुपये केवळ तारे धावण्यासाठी द्यावेत, असे जमाखर्च पाहणारा कोणी म्हणणार नाही. पडदा खरोखर झोपला, म्हणजे संगणकाने मॉनिटरला तसा इशारा दिला, की हा खर्च जवळजवळ शून्यावर येतो. मॉनिटरला असे झोपवण्याचा सर्वमान्य संकेत १९९३ पासून अस्तित्वात आहे.

खोपोलीचे नाव वीजनिर्मितीशी १९१५ पासून जोडलेले आहे. लोणावळ्याकडील तलावांचे पाणी घाटाखाली उतरवून टाटांनी येथे वीज केली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवली. तरीही पावसाळ्यात याच तालुक्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. घाटमाथ्यावरून वारा सुटला की दिवे लुकलुकतात आणि संगणक यूपीएसच्या बॅटरीवर येतो. अशा वेळी मिटलेला पडदा बॅटरीची काही मिनिटे वाचवतो, आणि अर्धवट राहिलेले बिल जतन करायला तेवढी मिनिटे पुष्कळ होतात.

तरीही, विजेचा हिशेब हे स्क्रीनसेव्हर जाण्याचे एक कारण झाले; मुख्य कारण नव्हे. मुख्य कारण कुलपाचे होते.

पडदा ‘वाचवणे’ आणि पडद्याला ‘कुलूप लावणे’ ही दोन अगदी निराळी कामे. परंतु ती एकाच आज्ञावलीच्या गळ्यात पडली, कारण दोन्हींची सुरुवात एकाच क्षणी होते : माणूस उठून गेला, यंत्र निष्क्रिय झाले. लिनक्सवर ज्या जुन्या एक्स प्रणालीतून खिडक्या दिसतात, तिची रचना १९८४ ची. कुलूप नावाची कल्पनाच तिला ठाऊक नाही. तेथे स्क्रीनसेव्हर म्हणजे सगळ्या खिडक्यांवर अंथरलेली एक मोठी चादर. चादर आहे तोवर खालचे काही दिसत नाही. पण चादर अंथरणारी आज्ञावली काही कारणाने कोसळली, तर चादरही नाहीशी होते आणि खाली सगळे उघडे. म्हणून झविन्स्की वर्षानुवर्षे बजावत असत, की कुलूप लावणारा भाग शक्य तितका लहान आणि साधा ठेवा; त्यात सुंदर बटणे, चित्रे, ऑनस्क्रीन कीबोर्ड असले काही कोंबू नका. एक्सस्क्रीनसेव्हरमध्ये शोभेचे दृश्य वेगळ्या प्रक्रियेत चालते. मुंग्या मेल्या तरी कुलूप राहते.

या बजावण्याचे महत्त्व जानेवारी २०२१ मध्ये लिनक्स मिंटच्या वापरकर्त्यांना कळले. एका गृहस्थांच्या दोन लहान मुलांना वडिलांचा संगणक ‘हॅक’ करायचा होता. कुलूप लागलेल्या पडद्यावर एकाने खऱ्या कीबोर्डवर आणि दुसऱ्याने पडद्यावरील कीबोर्डवर एकदमच वाटेल तशा कळा बडवल्या, आणि कुलूप उघडले. वडिलांना तो योगायोग वाटला; मुलांनी दुसऱ्यांदा करून दाखवले. शोध घेता असे आढळले, की पडद्यावरील कीबोर्डवर एक विशिष्ट स्वरचिन्ह निवडले की तो कीबोर्ड कोसळे आणि जाताना स्क्रीनसेव्हरलाही घेऊन जाई. मिंटच्या मंडळींनी लगेच दुरुस्ती दिली. झविन्स्की यांनीही, हे आपण फार पूर्वी सांगितले होते, असे जाहीरपणे लिहून घेतले. ते सांगितले होते हे खरेच. परंतु सांगण्याचा त्यांचा स्वर असा, की ऐकणारा आधी दुखावतो आणि मग विचार करतो. २०१६ मध्ये डेबियनच्या वितरणातील एक्सस्क्रीनसेव्हर जुना झाला की तो वापरकर्त्याला ‘ही आवृत्ती फार जुनी आहे’ असा इशारा देऊ लागला आणि त्यावरून मोठा वाद झाला. औषधाच्या वेष्टनावर मुदत छापलेली असते, तशी मुदत त्यांनी आज्ञावलीच्या पोटात घालून ठेवली होती. किराणा वा औषधांच्या व्यापाऱ्याला यात वावगे काही दिसणार नाही. सॉफ्टवेअर वाटणाऱ्यांना मात्र ती ढवळाढवळ वाटली.

ग्नोमच्या विकासकांनी २०११ साली तिसरी आवृत्ती आणताना हा सारा पसारा आवरला. हलती दृश्ये गेली. राहिले ते काळे होणे आणि कुलूप. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या उबंटूनेही तेच स्वीकारले. २०१४ मध्ये केडीईच्या प्लाझ्माने त्याच वाटेने जाऊन स्क्रीनसेव्हर सोडला. आता एक्सची जागा वेलँड ही नवी रचना घेत आहे, आणि उबंटू २५.१० पासून ग्नोमची मुख्य बैठक केवळ वेलँडवरच चालते. वेलँडमध्ये एखाद्या बाहेरच्या आज्ञावलीने साऱ्या पडद्यावर चादर अंथरावी याला मुळातच मज्जाव आहे. कुलूप हे पडदा रंगवणाऱ्या मुख्य प्रणालीचे स्वतःचे काम ठरते. त्यासाठी घडवलेल्या नव्या संकेतात तर अशी तरतूद आहे, की कुलपाची आज्ञावली कोसळली तरी पडदा बंदच राहावा. चादरीच्या जागी दार आले, असे म्हणता येईल.

हे सारे पेढीच्या गल्ल्यापर्यंत आणून पाहिले, की त्याचे खरे मोल कळते. काउंटरवरील पडद्यावर बहुधा काय उघडे असते? कोणाकडे किती उधारी, कोणाला किती दराने माल दिला, कोणाचा धनादेश परत आला. पूर्वी हा मजकूर लाल कापडात बांधलेल्या चोपड्यात असे, आणि शेठ उठले की चोपडा मिटत असे. ती सवय हाताला होती, तिला कोणी सुरक्षेचे नाव दिले नव्हते. पडदा मात्र मिटत नाही. समोर उभा असलेला एक व्यापारी दुसऱ्याचा दर वाचतो, आणि पाच वर्षांचा संबंध एका ओळीने बिघडतो. अशी भांडणे बाजारात होतात आणि त्यांचे कारण क्वचितच मोठ्याने बोलले जाते.

दुसरी बाजू कायद्याची. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखालील कंपन्यांना असेच हिशेबी सॉफ्टवेअर वापरावे लागते, ज्यात प्रत्येक नोंद आणि तीत झालेला प्रत्येक बदल तारखेसह राहतो आणि ती बदलांची नोंद बंद करता येत नाही. घरगुती मालकीच्या दुकानाला हा नियम नाही. परंतु ज्या कुटुंबांनी व्यवसाय प्रायव्हेट लिमिटेड केला, त्यांना आहे. नोंद कोणाच्या नावे होते? ज्याच्या नावाने यंत्र उघडे आहे त्याच्या. मुनीम चहाला गेले, पडदा उघडा राहिला, आणि नव्या मुलाने घाईत एक पावती बदलली, तर कागदोपत्री ती मुनिमांनी बदललेली असते. तीस वर्षे प्रामाणिकपणे गादी सांभाळलेल्या माणसाला लेखापरीक्षकासमोर खुलासा करावा लागतो. हा प्रसंग टाळण्यासाठी लागते ती फक्त एक सवय : उठताना विंडोजच्या चिन्हाची कळ आणि एल एकत्र दाबणे. उबंटूत आणि प्लाझ्मात ती चालते. मिंटमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एल.

येथे प्रत्यक्षात अडचण येते ती पासवर्डची. काउंटरवर चार माणसे एकच यंत्र वापरतात. दर पाच मिनिटांनी कुलूप लागले की तिसऱ्या दिवशी पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवला जातो. कुलूप लावून किल्ली त्यालाच टांगल्यासारखे ते होते. लिनक्सवर प्रत्येकाचे खाते वेगळे करणे फुकट आणि सोपे आहे, आणि एकाची बैठक तशीच ठेवून दुसऱ्याला आत येता येते. गर्दीच्या काउंटरवर पडदा काळा होण्याची मुदत दहा मिनिटे, तर मागच्या खोलीतील हिशेबाच्या यंत्रावर दोनच मिनिटे ठेवावी. गर्दीच्या जागी माणसांची नजर असते, मागच्या खोलीत ती नसते. ग्नोममध्ये मूळ मुदत पाच मिनिटांची येते. ती दोन्हीकडे गैरसोयीची ठरते.

लिनक्स ही केवळ हौशी मुलांची गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी तालुक्याच्या न्यायालयाकडे पाहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने ई-न्यायालय प्रकल्पात देशातील जिल्हा आणि तालुका न्यायालयांच्या संगणकांसाठी उबंटू लिनक्स निवडले. न्यायाधीश आणि कर्मचारी यांना त्याचे प्रशिक्षणही दिले. खटल्यांची नोंद ठेवणारी प्रणाली पुण्यातील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने घडवली. खालापूर आणि कर्जत येथील न्यायालये याच व्यवस्थेचा भाग. परत आलेल्या धनादेशाच्या, म्हणजे कलम १३८ च्या खटल्यासाठी तेथे जाणे कोणा व्यापाऱ्याला अपरिचित नाही. पक्षकारांच्या गर्दीत लिपिकाच्या टेबलावरील पडद्याला तारे हवेत की कुलूप, याचे उत्तर सांगायला नको.

असे असता, स्क्रीनसेव्हरचे मूळ कारण एका आडवाटेने परत आले आहे आणि ते सराफांनी विशेष ध्यानात घ्यावे. ओएलईडी पडद्यात मागे दिवा नसतो. प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाशतो आणि प्रकाशताना झिजतो. म्हणजे काचेच्या नळीचाच दोष नव्या रूपाने. दुकानात सोन्या-चांदीचे भाव दाखवण्यासाठी टांगलेल्या मोठ्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात पेढीचे बोधचिन्ह, खाली ‘२२ कॅरेट’, ‘२४ कॅरेट’ ही अक्षरे वर्षभर त्याच जागी असतात. आकडे बदलतात, शब्द बदलत नाहीत. तो पडदा ओएलईडी असेल, तर काही काळाने सिनेमा लावला तरी नटाच्या कपाळावर ‘२४ कॅरेट’ उमटलेले दिसू शकते. भावफलकासाठी साधा एलसीडी घ्यावा हे उत्तम. ओएलईडी घेतलाच असेल, तर मांडणी अधूनमधून डावी-उजवीकडे सरकवावी, पार्श्वभूमी काळी ठेवावी, उजेड कमी ठेवावा आणि दुकान वाढवताना तो बंद करावा. महागड्या लॅपटॉपांतही आता हेच पडदे येऊ लागले आहेत. त्यांवर दिवसभर न हलणारी खालची पट्टी आपोआप लपेल अशी व्यवस्था करावी. या एका बाबतीत १९८३ चा काळा पडदा आजही सर्वोत्तम औषध आहे.

स्क्रीनसेव्हरने कधी काळी काही उदात्त कामही केले, हे न सांगणे अन्यायाचे होईल. मे १९९९ मध्ये बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने ‘सेटी ॲट होम’ सुरू केले. मालक उठून गेला की संगणक रेडिओ दुर्बिणीतून आलेल्या नोंदींचा तुकडा तपासत बसे आणि पडद्यावर त्याचा रंगीत आलेख दिसे. पृथ्वीबाहेरच्या कोणाचा संदेश सापडला नाही. मार्च २०२० अखेर नवे तुकडे वाटणे थांबले. तरी लाखो लोकांच्या रिकाम्या यंत्रांनी वीस वर्षे एकत्र काम केले, हे सहकाराचे उदाहरण लहान नव्हे.

ज्यांना केवळ शोभेसाठी ते तारे हवेतच, त्यांचाही मार्ग पूर्ण बंद झालेला नाही. एक्सएफसीई आणि मेट या हलक्या डेस्कटॉपांवर स्क्रीनसेव्हर अजून आहेत, आणि जुन्या यंत्रांना हेच डेस्कटॉप अधिक मानवतात. लिनक्स मिंटचा सिनॅमन मुख्यतः अजून एक्सवर चालतो, त्यामुळे तेथे एक्सस्क्रीनसेव्हर बसवता येतो. घरातील आजी-आजोबांच्या संगणकावर, जेथे ना उधारी आहे ना दर, तेथे नातवंडांची छायाचित्रे फिरत राहिली तर त्यात वाईट काय? लिनक्स स्वतः हाताळून पाहायची इच्छा असलेल्यांसाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे मराठी ध्वनिपाठ विनामूल्य आहेत. सुट्टीत घरातील मुलामुलींनी ते पाहिले तर पेढीला बाहेरचा माणूस बोलवावा लागत नाही.

दिवाळीत मात्र एक गोष्ट आधी करून ठेवावी. चोपडापूजनाला आता चोपड्यांच्या शेजारी लॅपटॉपही मांडला जातो, त्यावर कुंकवाचे बोट उमटते आणि पडद्यावर नव्या वर्षाचे पहिले पान उघडलेले असते. पूजा पाच मिनिटांत होत नाही. मुहूर्त चालू असताना पडदा काळा होतो आणि सगळ्यांसमोर पासवर्ड मागतो. सिनॅमनच्या खालच्या पट्टीवर झोप रोखण्याचे एक छोटे बटण ठेवता येते, आणि ग्नोमसाठी ‘कॅफीन’ नावाची पुरवणी मिळते. दिवा लावण्यापूर्वी ते चालू करावे, आणि प्रसाद वाटायला उठण्यापूर्वी आठवणीने बंद.